नळाच्या पाण्यात चेरी कोळंबी

प्रश्न : नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून नव्या टाकीत भरलं, तरी चेरी कोळंब्या आठवड्यात मेल्या. आरओचं पाणी वापरू का?

उत्तर : नुसतं आरओ नकोच, कात टाकून नवं कवच घडवायला तिला पाण्यातले क्षार लागतात. नळाचं पाणी चालतं. उघड्यावर क्लोरीन उडतं, क्लोरामाइन नाही, म्हणून क्लोरीननाशक थेंब घालाच. माझा संशय नव्या टाकीवर आहे. अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला महिना-दीड महिना लागतो; तेवढा धीर धरा. पाणी तांब्याच्या हंड्यात साठवत असाल तर ताबडतोब थांबवा, तांबं कोळंबीला विषच. स्पंज फिल्टर लावा, जावा मॉस भरपूर ठेवा. मादी पोटाखालची अंडी पायांनी सतत हलवताना दिसली, की तीनेक आठवड्यांत मॉसमध्ये इवली पिल्लं शोधा.