ब्रोशरमध्ये नसलेला फरक

बीएमडब्ल्यू एक्स५ घ्यावी की मर्सिडीज जीएलई, या प्रश्नावर महिनोन्‌महिने घालवणारी माणसं बहुतेक एकच गोष्ट करतात. दोन्ही ब्रोशर शेजारी शेजारी ठेवून आकडे ताडून बघतात. आता हे आकडे बघा. एक्स५ एक्सड्राइव्ह ४०आय म्हणजे तीन लिटरचं, ओळीत सहा सिलिंडर असलेलं टर्बो पेट्रोल इंजिन, जोडीला ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा आणि ३८१ अश्वशक्ती. जीएलई ४५० म्हणजे तीन लिटर, ओळीत सहा सिलिंडर, टर्बो पेट्रोल, ४८ व्होल्ट आणि ३८१ अश्वशक्ती. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला एकीला ५.४ सेकंद लागतात, दुसरीला ५.६. व्हीलबेस एकीचा २,९७५ मिलिमीटर, दुसरीचा २,९९५. एकमेकींवर डोळा ठेवून वाढलेल्या दोन जर्मन कंपन्यांनी एकाच गिऱ्हाइकासाठी बनवलेल्या गाड्या जितक्या सारख्या असाव्यात, तितक्या त्या आहेत. माझं म्हणणं असं, की आपण तुलना करतो ती नेमकी त्याच गोष्टींची, ज्यांत या गाड्या सारख्या आहेत. आणि पुढच्या पाच वर्षांत खिशाला, कंबरेला आणि सोसायटीतल्या शेजारसंबंधांना जो फरक पडतो, तो ब्रोशरमध्ये छापलेलाच नसतो.

सगळ्यात मोठा फरक दोन कंपन्यांमधला नसून एकाच कंपनीच्या दोन इंधनांमधला आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे निकष आले, तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी असते. ती भरली की गाडी स्वतःच ती काजळी जाळते, पण त्यासाठी आतलं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जावं लागतं, आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग धावली तरच ही सफाई धड पुरी होते. बाणेरहून हिंजवडीला किंवा पार्ल्याहून बीकेसीला सिग्नलमागून सिग्नल घेत जाणाऱ्या गाडीच्या नशिबी ती पंधरा मिनिटं येतच नाहीत. सफाई अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. सफाईसाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि एक दिवस समोर पिवळा दिवा लागतो. मग वर्कशॉपची वारी, आणि गाडी ‘बिघडली’ म्हणून कंपनीच्या नावाने बोटं मोडणं. उलट जो माणूस दर आठवड्याला नाशिक-मुंबई करतो किंवा समृद्धी महामार्गावरून नागपूर गाठतो, त्याला डिझेलसारखं सुख नाही. वेळच्या वेळी धूर शुद्ध करणाऱ्या ॲडब्लू द्रवाची टाकी भरली की झालं. तेव्हा निळी-पांढरी चकती की तीन टोकांचा तारा, हा वाद घालण्याआधी आपलं आठवड्याचं धावणं कागदावर मांडावं. त्यातून निघालेलं उत्तर पुष्कळदा इतकं स्पष्ट असतं, की दोन्ही कंपन्यांची निम्मी मॉडेलं आपोआप यादीतून गळतात.

दुसरा फरक आरटीओत पडतो. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला, ती व्यक्तीच्या नावावर असेल तर, १३ टक्के एकरकमी कर आहे आणि डिझेलला १५ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर घेतली की तो २० टक्के होतो. ढोबळ हिशोबासाठी गाडीची एक्स-शोरूम किंमत एक कोटी धरली, तर एकाच गाडीवर १३ लाख, १५ लाख किंवा २० लाख! शोरूममध्ये दीड लाखाच्या सवलतीसाठी तीन चकरा मारणारा माणूस हा सात लाखांचा निर्णय सीएच्या एका वाक्यावर सोडून देतो. ‘कंपनीच्या नावावर घ्या, खर्चात टाकता येते’, हे वाक्य चूक नाही, पण अपुरं आहे. आयकरात घसारा मिळतो तो दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के, आणि गाडी घेतली त्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर त्या वर्षी त्याच्या निम्मा. अशा गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट सर्वसाधारण धंद्याला मिळत नाही. त्यामुळे कोणाला कंपनीचं नाव फायद्याचं ठरेल, कोणाला नाही. आकडेमोड करूनच ते कळेल. जाता जाता, २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या गाड्यांवरचा सेससकट ५० टक्के कर जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी आला आहे. त्याआधीच्या व्हिडिओंमध्ये सांगितलेल्या किमती डोक्यातून काढून टाका.

शोरूममधून मिळणारं कोटेशन ओळ न् ओळ वाचायचं असतं. एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, टीसीएस, मग ॲक्सेसरी किट, वाढीव वॉरंटी, कुठे कुठे ‘हँडलिंग’ नावाची एक ओळ. यातला एक टक्का टीसीएस आयकर विवरणात वळता होतो, तेव्हा तो खर्चात धरू नये. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. हँडलिंगची ओळ कोणत्याही सरकारी कोष्टकात नाही. ती शोरूमची स्वतःची आहे, आणि शांतपणे ‘हे कशाचे?’ असं विचारलं की बऱ्याचदा गळते. दोन गाड्यांची तुलना म्हणजे खरं तर अशा दोन कोटेशनांची तुलना, आणि तीही सारख्या ओळी समोरासमोर ठेवून. नाहीतर एकीच्या किमतीत पाच वर्षांची सर्व्हिस धरलेली असते, दुसरीच्या किमतीत नसते, आणि आपण म्हणतो दुसरी स्वस्त पडली.

यावर हमखास ऐकू येणारा आक्षेप असा, की कोटीची गाडी घेणाऱ्याने असले हिशोब करायचे नसतात. ज्याला परवडते तो विचारत नाही. हे बोलायला ऐटबाज आहे, पण आपल्याच मातीतलं उदाहरण त्याच्या विरोधात जातं. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी गट करून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. लोकांनी त्याकडे शहराची मिजास म्हणून पाहिलं. मला त्यात दिसतो तो व्यापाऱ्याचा रोखठोक हिशोब: एकेकट्याने गेलो तर छापील किंमत, दीडशे जण गेलो तर कंपनी आपल्या दारात. किंमत आणि कर्जाचं व्याज, दोन्हींवर त्यांनी घासाघीस केली.  पैसा स्वतः कमावलेला माणूस गाडी कितीचीही असो, विचारतोच.

आता गाडी प्रत्यक्ष उभी कुठे राहणार, ते बघू. एक्स५ची रुंदी आरसे सोडून २,००४ मिलिमीटर, वजन दोन टनांच्या वर. जीएलईही या दोन्हींत फार मागे नाही. मुंबई-पुण्यातल्या कित्येक इमारतींत एकावर एक गाड्या ठेवायचं यांत्रिक पार्किंग आहे, आणि त्यातलं जुनं तर सेडान डोळ्यांसमोर ठेवून बसवलेलं आहे. त्याच्या लोखंडी खांबावर एक पाटी असते: कमाल वजन, कमाल रुंदी, कमाल उंची. पाटीवर तेलकट धूळ बसलेली असल्याने ती सहसा कोणी वाचत नाही. ती पुसून वाचावी. बसत नसेल तर गाडी पाहुण्यांच्या जागेत जाते आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत आपलं नाव विषयपत्रिकेवर येतं. अशा ठिकाणी खरं उत्तर एक्स५ही नाही आणि जीएलईही नाही, तर एका पायरीने लहान एक्स३ किंवा जीएलसी असू शकतं. दोनच गाड्या समोर ठेवून तुलना करत बसलं की ही तिसरी वाट नजरेतूनच सुटते.

‘बीएमडब्ल्यू चालवणाऱ्याची, मर्सिडीज मागे बसणाऱ्याची’ हा समज अगदीच निराधार नाही, पण आपल्या रस्त्यांवर त्याहून जास्त बोलतात ती टायर. साधं गणित आहे. २७५/४५ आर२० या टायरच्या कडेचं रबर सुमारे १२४ मिलिमीटर उंच असतं, २७५/४० आर२१ चं ११०. चाक एका इंचाने मोठं आणि दिसायला रुबाबदार झालं, की खड्डा आणि तुमचा मणका यांच्यामधलं रबर १४ मिलिमीटरने घटतं. व्हीलबेसमधल्या २० मिलिमीटरवर तावातावाने बोलणारे लोक या १४ मिलिमीटरबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मागची टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतील, तर ती मागेपुढे अदलाबदल करून झीज सारखी करता येत नाही, हेही लक्षात घ्या. म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या नेहमीच्या गुळगुळीत फेरीवर संपवू नये. गाडी आपल्या गल्लीत आणावी, आपल्या स्पीडब्रेकरवरून न्यावी आणि निम्मा वेळ मागच्या सीटवर बसावं. घरात वडीलधारी माणसं असतील तर त्यांना दोन्ही गाड्यांत चढायला-उतरायला सांगावं. गुडघा किती उचलावा लागतो, हात धरायला कुठे जातो आणि साडी नेसलेल्या बाईला दाराचा उंबरा आड येतो का, हे कोणत्याही परीक्षणात सापडायचं नाही. परीक्षण करणारा गाडी चार दिवसांनी परत करतो. सुटे भाग त्याला कधीच विकत घ्यावे लागत नाहीत.

सुट्या भागांचा भाव ही तर फार थोडे लोक विचारतात अशी गोष्ट. दोन्ही वर्कशॉपमध्ये जाऊन चारच वस्तूंची किंमत लेखी मागावी: हेडलाइट, समोरची काच, पुढचा बंपर आणि एक अलॉय चाक. शहरातल्या रोजच्या धक्क्यांत जातात त्या याच. जीएलईची जुळणी चाकणला होते आणि एक्स५ची चेन्नईजवळ, म्हणून ‘पुण्याच्या गाडीचे पार्ट स्वस्त’ असं मानणारे भेटतात. जुळणी इथे झाल्याने गाडीवरचं आयात शुल्क कमी होतं, हेडलाइट काही चाकणच्या भावात मिळत नाही. विम्यात प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि या गाड्यांचा दर्शनी भाग बराचसा प्लास्टिकचाच असतो, तेव्हा झिरो डेप्रिसिएशनचं कलम घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. इंजिनात पाणी शिरून होणारं नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही. त्याचं वेगळं कलम घ्यावं लागतं. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या मुंबईकराला याचं कारण सांगायला नको. तुम्ही रत्नागिरी, लातूर किंवा नांदेडचे असाल, तर तिथून कोणत्या कंपनीचं वर्कशॉप किती तासांवर आहे, हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करू शकतो, कारण चारही चाकांना ताकद जाणारी गाडी बंद पडली की दोरीने ओढून चालत नाही, सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते.

शेवटचा आक्षेप मनाचा. गाडी ही हौस आहे, तिचा जमाखर्च काय मांडायचा? हौसेबद्दल माझी तक्रार नाही. एखाद्याला लहानपणापासून तो तारा बॉनेटवर हवा असेल, तर त्याने तो घ्यावा, आणि तुलनेचं सोंग करू नये. अडचण होते ती मन आधीच ठरलेलं असताना आकड्यांकडून त्याला होकार मिळवण्याची. मग ०.२ सेकंदाचा फरक ‘जमीन-अस्मानाचा’ वाटू लागतो आणि काजळीची जाळी, पार्किंगची पाटी, २० टक्के कर यांपैकी काहीच दिसत नाही.

सौदा ठरला की एक काम उरतं. वर्षअखेरीच्या सवलती ऐन भरात असतात तेव्हा यार्डात महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी पदरात पडू शकते, आणि विकताना उत्पादनाचं वर्ष विचारलं जातं, फक्त नोंदणीचं नाही. पैसे पूर्ण भरण्याआधी फॉर्म २२ या उत्पादकाच्या प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना बघावा. मग खाली वाकून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. ३८२५ असेल तर ते टायर २०२५ च्या अडतिसाव्या आठवड्यातलं. चारही टायरांचे बघावेत, आणि डिकीत स्पेअर असेल तर त्याचेही.