टेकाड, बांध आणि फावडे : फ्रिसियन शेतकरी समाज



नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यापासून जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यापर्यंतचा सखल पट्टा ही फ्रिसियन लोकांची भूमी. भरतीचे पाणी जेथे आत शिरते अशा खाऱ्या कुरणांवर इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमारास वस्ती झाली. घर बांधण्यापूर्वी घराखालची जमीनच त्यांना उभारावी लागली. माती, शेण व केरकचरा यांचे थर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेल्या या टेकाडांना ‘टेर्प’ म्हणतात.

रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात फ्रिसियनांच्या शेजारच्या खौकी लोकांचे वर्णन केले आहे. भरतीत ते त्याला नावाड्यांसारखे, तर ओहोटीत गलबत फुटलेल्यांसारखे दिसले. त्यांच्याकडे गुरे नाहीत, असेही तो म्हणतो. हे वर्णन सावधपणे वाचावे. याच किनाऱ्यावरील एझिंगे येथे व्हान गिफेन यांनी विसाव्या शतकात केलेल्या उत्खननात माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत अशी लांबट घरे सापडली. परक्याला जे दैन्य वाटले, ते गोपालनावर उभे असलेले जीवन होते.

इ.स. १००० नंतर बांध घालण्यास प्रारंभ झाला आणि समाजाची घडीच बदलली. टेकाड एका कुटुंबाचे वा वाडीचे असू शकते. बांध मात्र सर्वांचाच असतो. प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला बांधाचा ठरावीक तुकडा येई. ज्याला तो राखणे जमत नसे, तो बांधात फावडे रोवून जमीन सोडून जाई. ते फावडे जो उपटून घेई, त्याला शेत मिळे आणि बांधाचे ओझेही. नियम कठोर खरा. पण एकाचा तुकडा फुटला की शेजाऱ्याचे शेतही खारे होई, हे विसरू नका.

बांधाने एक नवे संकटही आणले. समुद्राचा गाळ आत येणे थांबले, निचरा झालेली जमीन आकसून खचत गेली. बांधाबाहेरची पातळी वर आणि शेत खाली, अशी स्थिती झाली. १३६२च्या वादळी पुरात रुंगहोल्ट हे गाव बुडाले. १६३४च्या पुरात स्ट्रांड बेटाचे तुकडे झाले.

टेर्पची कहाणी मात्र निराळ्या रीतीने संपली. एकोणिसाव्या शतकात त्यांची सुपीक माती खत म्हणून खणून विकली गेली. होगेबाइंटुमचे जुने चर्च आज उरलेल्या टेकाडावर उभे आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : फावड्याच्या नियमाने दुर्बल शेतकऱ्यावर अन्याय होत होता काय? तुमचे मत सकारण लिहा.