हातातल्या पुस्तकाचाच संदर्भ

चि. भाचीस,


शोधनिबंधातला संदर्भ वाचकाला नेमक्या पुस्तकाच्या नेमक्या पानापर्यंत पोहोचवतो. कोपर-डोंबिवली परिसराच्या इतिहासावरील निबंधात ‘ठाणे गॅझेटियर, पृ. 45’ एवढ्याने हे काम होत नाही. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये ठाणे जिल्ह्याला दोन भागांचा तेरावा खंड आणि शिवाय चौदावा खंड आहे. ते 1882 चे. महाराष्ट्र शासनाची सुधारित आवृत्ती 1982 ची. दोन्हींना लोक ‘ठाणे गॅझेटियर’च म्हणतात. म्हणून वर्ष, खंड, भाग आणि पृष्ठ, सगळेच लागते.

जास्त घोटाळा होतो तो ऐकीव अवतरणांत. उत्तर कोकणाच्या अभ्यासकाला ‘महिकावतीची बखर’ टाळता येत नाही. वि. का. राजवाडे यांनी ती 1924 मध्ये संपादून प्रसिद्ध केली आणि तिला दीर्घ प्रस्तावना जोडली. बखरीतले विधान बखरकाराचे, प्रस्तावनेतले अनुमान राजवाड्यांचे. दोहोंना एकच तळटीप दिली, की विसाव्या शतकातले मत मध्ययुगीन पुरावा म्हणून खपू लागते. बखर स्वतः न पाहता वाक्य नव्या पुस्तकातून घेतले असेल, तर ‘उद्धृत’ असे लिहून त्या पुस्तकाचे नाव द्यावे. न उघडलेल्या ग्रंथाचा पृष्ठांक देणे हे खोटेच, तो अंक बरोबर निघाला तरीही. एकाच्या मुद्रणदोषाची पुढच्या दहा निबंधांत लागण होते ती अशीच.

मूळ साधनात शक असेल तर तो तसाच ठेवून इसवी सन शेजारी द्यावा. शकात साधारण 78 मिळवतात. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींना 79.

शब्द बदलले तरी कल्पना दुसऱ्याचीच राहते, आणि तिलाही संदर्भ लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण ही मोजणी जुळणाऱ्या मजकुराची असते, उचललेला विचार तिच्यात सापडेलच असे नाही.

गावातल्या वृद्धांनी सांगितलेली माहिती हेही साधनच. त्यांच्या संमतीने नाव, गाव आणि मुलाखतीची तारीख नोंदवावी. नाव नको असल्यास तसे तळटिपेत लिहावे. ‘स्थानिक लोक सांगतात’ या शब्दांवरून पुढच्या अभ्यासकाला कोणाकडेच जाता येत नाही.

तुझा,
मामा