मानसशास्त्राची ओळख

प्रस्तावना

‘त्याच्या मनातले मला बरोबर कळते’, असे आपण सहज म्हणून जातो. असा अंदाज कधी खरा ठरतो, तर कधी चुकतो. मन डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते माणसाचे वर्तन. वर्तन आणि त्यामागील विचार, भावना, स्मरण यांसारख्या मानसिक प्रक्रिया यांचा पद्धतशीर अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे मानसशास्त्र.

शास्त्राचा प्रारंभ

मनाविषयीचे चिंतन प्राचीन आहे. प्रयोग मात्र अलीकडचे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. भारतात १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

एक प्रयोग : आपण का विसरतो?

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग केले. परिचित शब्द आधीच्या ओळखीमुळे लवकर पाठ होतात, म्हणून त्याने निरर्थक अक्षरगटांच्या याद्या निवडल्या. यादी मुखोद्गत झाल्यावर ठरावीक काळाने तो ती पुन्हा पाठ करी आणि पहिल्यापेक्षा किती श्रम वाचले, हे मोजी. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर सुमारे २१ टक्के आढळली. १८८५ मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यावरून दिसते, की विस्मरण आरंभी झपाट्याने होते व पुढे मंदावते. एकाच दिवशी पुष्कळ घोकण्यापेक्षा तीच उजळणी अनेक दिवसांत विभागणे अधिक उपयुक्त ठरते, असेही त्याला आढळले.

अर्थात, हा प्रयोग एकाच व्यक्तीवर झाला होता. म्हणून शास्त्रात निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहतात. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा विस्मरणाचा आलेख बराचसा तसाच आला.

आपल्यासाठी बोध

अनेक वर्षांनी पुस्तक हाती घेणारा प्रौढ विद्यार्थी काल वाचलेले आज आठवले नाही की ‘आता माझे डोके चालत नाही’, असे म्हणून अभ्यास सोडू पाहतो. परंतु असे विसरणे हे मंदबुद्धीचे लक्षण नव्हे. तरुण व हुशार विद्यार्थीही विसरतात. पाठ समजून वाचावा, दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून आठवून पाहावा आणि आठवड्याने पुन्हा उजळावा. अर्थ उमगलेला मजकूर निरर्थक अक्षरांपेक्षा अधिक काळ टिकतो.

शब्दार्थ

मुखोद्गत – तोंडपाठ. विस्मरण – विसर पडणे. पडताळणे – खरेखोटे तपासणे.

पाठगत प्रश्न

१. एबिंगहाउसने निरर्थक अक्षरगट का निवडले?
२. एकाच व्यक्तीवरील प्रयोगाची मर्यादा कोणती?
३. हा पाठ उद्या न पाहता आठवा. जे आठवले नाही, ते पुन्हा वाचा.