रंगो बापूजींची चौदा वर्षे

पेशवाईचा अस्त झाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह केला. त्यात राज्याचे सार्वभौमत्व महाराजांना व त्यांच्या वारसांना कायम दिल्याचे नमूद होते. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, कंपनीविरुद्ध कट केल्याचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत करण्यात आले. दोष मान्य करणाऱ्या कागदावर सही केली असती, तर गादी राहिली असती. महाराजांनी सही नाकारली. त्यांची रवानगी काशीला झाली.

महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. तेथे त्यांनी ज्या 'कोर्टां'पुढे दाद मागितली, त्यांच्या नावावरून वाचकांचा गैरसमज होण्याचा संभव आहे. 'कोर्ट ऑफ डायरेक्टर्स' हे कंपनीचे संचालक मंडळ होते. 'कोर्ट ऑफ प्रोप्रायटर्स' ही भागधारकांची सभा. १००० पौंडांचे भाग बाळगणाऱ्यास तेथे एक मत असे. राज्य ज्यांनी घेतले, त्यांच्याच मालकांकडे न्याय मागायचा, असा हा प्रकार होता. जनरल ब्रिग्ज, जॉर्ज थॉम्पसन यांच्यासारख्या इंग्रजांनी महाराजांच्या बाजूने भाषणे केली; निर्णय मात्र बदलला नाही.

याच काळात अमेरिकेचे नवे प्रजासत्ताक पश्चिमेकडे पसरत होते. तेथील चेरोकी लोकांकडेही शासनाशी झालेले तह होते, आणि त्यांच्या बाबतीत न्यायालय खरेखुरे होते. चेरोकींच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत, असा निकाल सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८३२ मध्ये दिला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी मात्र तो अमलात आणण्यासाठी काही केले नाही. १८३८ मध्ये सैन्याने चेरोकींना घराबाहेर काढून मिसिसिपी नदीपलीकडे धाडले. त्यात हजारो माणसे दगावली.

इकडे १८४७ मध्ये महाराज काशीला वारले. त्यांच्या जागी बसवलेले बंधू शहाजी यांनी १८४८ मध्ये मृत्युसमयी दत्तक घेतला. तो डलहौसीने अमान्य केला. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचा विरोध असूनही सातारा खालसा झाले.

रंगो बापूजी १८५३ मध्ये रिकाम्या हाताने परतले. १८५७ च्या उठावाच्या आरोपात त्यांचे पुत्र सीताराम यांना साताऱ्यात देहदंड देण्यात आला. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.