मायचं म्हणणं वहीत लिहा

समजा, आपल्या गावात एक पोरगी आहे. आठ वर्षांची. तिला कमी ऐकू येते. शाळेत ती मागे बसते. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलतात. पोरगी गप्प राहते. गुरुजींना वाटते, हिला काही समजत नाही.

घरी मात्र तीच पोरगी सांगितलेले सारे काम करते. कसे काय? तिच्या मायला ठाऊक आहे. समोर बसून, सावकाश बोलावे लागते. डाव्या कानाने तिला बरे ऐकू येते. मायने हे शाळेत सांगितले, तर पोरगी पुढे बसेल. त्याला एक पैसाही लागत नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागांत कोलाम लोक घरी कोलामी बोलतात. पुसद, दिग्रसकडच्या तांड्यांवर बंजारा लोक गोरमाटी बोलतात. पहिलीतले पोर मराठी प्रश्नाला गप्प राहिले. ते भाषेमुळे गप्प आहे, की त्याला खरीच काही अडचण आहे? परक्या माणसाने हे कसे ओळखावे? म्हणून पोराच्या तपासणीला घरचे माणूस सोबत हवेच.

मुंबईत १९४४ साली जय वकील नावाच्या बाईंनी आपल्या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली. मुलीची बुद्धीची वाढ कमी होती. त्या शाळेची आज शिवडीला मोठी संस्था झाली आहे. तेव्हा आईच्या पाठीशी कायदा नव्हता. आज आहे.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याप्रमाणे जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात शंभरात पंचाहत्तर आईबाप हवेत. बारा जण असतील, तर नऊ आईबाप. निम्म्या जागा बायांच्या. वंचित मुलांच्या आईबापांनाही तिच्यात जागा आहे. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून दिव्यांग मुलेही वंचितांत धरतात. शाळेत काय हवे, याचा आराखडा हीच समिती करते. दिव्यांग मुले शाळेत आली का, त्यांना सोयी मिळाल्या का, हे पाहणे तिचेच काम.

“मले काय समजते त्यातलं?” असे एखादा बाप म्हणेल. अरे बाबा, तुलाच तर समजते! पोराला चाकाची खुर्ची मिळाली. शाळेच्या दाराशी उतारही बांधला. पण पावसाळ्यात आपली काळी माती! अर्ध्या वाटेत चाके रुततात. कचेरीतल्या साहेबाला हे कसे दिसावे? खुर्ची ढकलणाऱ्याला ते रोज दिसते. तो म्हणेल, आधी वाटेवर मुरूम टाका. संडासाचे दारही मोजा, खुर्ची आत जाते का बघा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले शंभरात पाच रुपये दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. त्याचे काय झाले, हे ग्रामसभेत विचारा.

कोणी म्हणेल, “या पोराला दुसरीकडे न्या.” तेव्हा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगा. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे. जवळची शाळा घ्यावी की खास शाळा, हे घरच्यांनी ठरवायचे. पोर फारच अधू असेल, तर घरी शिकवण्याचीही सोय कायद्यात आहे.

सभा दर महिन्याला असते. पण कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी सभा ठेवली, तर मजुरी बुडते. मग माय येणार कशी? सभा संध्याकाळी घ्या, असे आधीच सांगून ठेवा.

सभा संपली की वही सहीसाठी फिरते. लगेच सही करू नका. आता तुम्हाला वाचता येते. वही हातात घ्या, वाचा. आपल्या पोरीबद्दल बोललेले त्यात नसेल, तर म्हणा, “गुरुजी, एवढं लिहा. मग मी सही करते.”