कातड्याखालचा फोम

चि. बंडू यास,


तुझे फोटो पाहिले. सोबतचा प्रश्नही वाचला: कोल्हापुरात चपलेचं उत्तम कातडं मिळतं, त्यातलंच थोडं कोव्हेंट्रीला पाठवाल का, म्हणजे गाडीच्या सीटला गावाकडचं काहीतरी लागेल. लेका, भावना चांगली, पण कातडं मिळणार नाही. चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. ते जाड आणि ताठ असतं, घाम-तेल पीत पीत पायाला मऊ पडत जातं. सीटवर नेमकं हेच पिणं नडतं. उघड्या गाडीत पावसाचे चार थेंब पडले की डाग धरतं, उन्हात काळवंडतं आणि सीटच्या गोलाईवर ओढायला गेलास तर खाचेत बसायचं नाव घेत नाही. गाडीचं कातडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, जेमतेम मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाडीचं असतं. त्यावर रंगाचा थर आणि रंगावर पारदर्शक लेप. तुझा हात रोज लागतो तो त्या लेपाला.

गाडी मात्र झकास घेतलीस. माझदाने 1989मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही पहिल्यांदा दाखवली. जपानात ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. तुझी व्ही-स्पेशल म्हणजे हिरवा रंग, टॅन लेदर आणि नार्डीचं लाकडी स्टिअरिंग. साध्या मॉडेलच्या कापडी सीटवर तातामी चटईच्या विणीची नक्षी असायची आणि खरं सांगू का, मला स्वतःला तीच जास्त आवडते. असो. ज्या गाडीला कारखान्यातून लेदर आलंय तिला लेदरच राहू दे.

पण 'आतलं सगळं नवं करून टाकतो' हे तुझं वाक्य काही मला पटलेलं नाही. पस्तिशीला आलेल्या गाडीत दोनच सीटा कोऱ्या करकरीत झाल्या की बाजूची दारं दुप्पट जुनी दिसायला लागतात. मग दारांचे पॅनेल, मग कार्पेट, मग वरचं छत. नाकापेक्षा मोती जड झाल्यावर गाडी विकायची पाळी आलेली गिऱ्हाइकं मी दुकानात पाहिली आहेत. तुझे फोटो नीट बघ. डावी सीट जवळजवळ शाबूत आहे, नुसती मळलेली. उजवीचा मधला भाग सुरकुतलाय, पण फाटलेला नाही. फाटलाय तो एकच तुकडा, बसायच्या गादीचा दाराकडचा उंचवटा. तुम्ही त्याला बोल्स्टर म्हणता.

तो तिथेच का फाटला, हे आधी शोध. गाडी बुटकी, तू सहा फुटी. दार उघडून तू आत बसत नाहीस, घसरतोस. घसरताना सगळं वजन त्या उंचवट्याच्या कडेवर येतं आणि जीन्सच्या खिशावरचे तांब्याचे रिव्हेट त्यावरून खरवडत जातात. आधी लेप जातो, मग रंग, मग कातडं उघडं पडतं, कोरडं होतं आणि शिलाईच्या रेषेवर तडकतं. हे झालं वरचं. आता अंगठ्याने तो उंचवटा दाब आणि मग डाव्या सीटचा तोच भाग दाब. डावा परत वर येईल, उजवा दबलेलाच राहील. सीटखाली कार्पेटवर पिवळट भुगा सांडलेला असेल, तो फोमचा. आतला आधार गेला की कातडं सैल पडतं, सैल कातड्याला घडी पडते आणि रोज त्याच घडीवर बसलं की ती घडी फाटते. अशा फोमवर कितीही महाग कव्हर चढव, ते लवकरच पुन्हा घडी धरेल. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला कातड्याचे नमुने दाखवून भुलवणारे पुष्कळ. आत काय आहे ते उघडून दाखवणारे थोडे. आतल्या फोमचा फोटो सोड, बहुतेक जण साधा उल्लेखही करत नाहीत.

म्हणून काम उलट्या टोकाने सुरू कर. सीट बाहेर काढ. पुढे सरकवली की मागचे दोन बोल्ट दिसतात, मागे सरकवली की पुढचे दोन. बेल्टचं बक्कल सीटलाच आहे, तेव्हा खालची वायर सोडवल्याशिवाय हिसका देऊ नकोस. डोक्यामागे स्पीकर असले तर त्यांचीही वायर असेल. उंबऱ्यावर जुनी चादर टाक, नाहीतर सीटची रेल रंगावर ओरखडा काढल्याशिवाय बाहेर येत नाही. तुझ्या सीटमध्ये एअरबॅग नाही, हे तुझं नशीब. एखाद्या मित्राच्या नव्या गाडीची सीट उघडायला उत्साहाने जाशील म्हणून सांगतो: सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला की हात मागे घ्यायचा. त्या सीटच्या बाजूची शिलाई मुद्दाम उसवेल अशी घातलेली असते. साध्या दोऱ्याने शिवली तर अपघातात बॅग नीट बाहेर येणार नाही. ते काम ज्याचं त्याने करावं.

सीट टेबलावर उलटी ठेवलीस की कव्हर कसं धरलंय ते कळेल. कडा खालून अडकवलेल्या असतात आणि मधल्या खाचांमध्ये लोखंडी तारेच्या छोट्या रिंगा असतात. कव्हरला आतून शिवलेल्या नळीत एक सळई, फोममध्ये पुरलेली दुसरी सळई आणि दोघींना धरणारी ती रिंग. रिंगा कापून टाक, त्या नव्या मिळतात. सळया जप. वाकल्या असतील तर सरळ कर, गंजल्या असतील तर घासून घे, कारण सीटचा आकार त्यांच्यावर उभा आहे. प्रत्येक पायरीचा फोटो काढत जा. परत चढवताना 'ही पट्टी कुठली' असा प्रश्न हटकून पडतो.

आता फोम, आणि इथे घाई नको. अख्खी नवी गादी शोधत बसायची गरज नाही. उंचवट्याचा कुजलेला भाग धारदार सुरीने काप, हाताला घट्ट लागेपर्यंत काप. त्याच्या जागी जास्त घनतेचा फोम सोल्युशनने चिकटव. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मगच दाबायचं. ओलं असताना दाबलंस तर ते आत मुरून दगड होतं आणि बसताना टोचतं. नवा तुकडा मुद्दाम थोडा मोठा ठेव, मग खरखरीत सँडपेपरने घासत घासत आकाराला आण. आकार कसा असावा हे डावी सीट सांगेल. तिच्या उंचवट्यावर पुठ्ठा उभा धरून कड आखून घे, तोच पुठ्ठा उलटा करून उजवीकडे लाव. डोळ्यावर विसंबू नकोस. शेवटी सगळ्यावर पातळ फोमचा एक थर दे, म्हणजे जोड वरून हाताला लागत नाहीत.

सीट उघडलीच आहे तर तुझ्या उंचीचंही बघ. डोकं छताला टेकतं म्हणून या गाडीचे उंच मालक गादीचा फोम कापून बसायची जागा खाली घेतात, हे तू ऐकलं असशील. कापायचा तर खालून, बैठकीच्या भागात, आणि थोडा थोडा. दर वेळी बसून पाहा. वरून कापलास तर खाचा आणि सळया सगळ्या चुकतात, फार कापलास तर प्रत्येक खड्डा थेट माकडहाडाला कळतो.

कव्हरकडे मग ये. मागचा-बाजूचा भाग उसवून उलटा करून पाहा. आतली बाजू तंतुमय, लवदार असेल ते कातडं. विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन. 'लेदर सीट' म्हणून विकलेल्या कित्येक गाड्यांत अंगाला लागतो तेवढाच भाग लेदर असतो, बाजू आणि पाठ रेक्झिन. त्यात फसवणूक वगैरे नाही. रेक्झिन तिथे चांगलं टिकतं, ते तसंच राहू दे. बदलायचा आहे तो एक तुकडा, फार तर त्याला लागून असलेला दुसरा.

त्या तुकड्याचा साचा फाटलेल्या तुकड्यावरून घेऊ नकोस. तो वर्षानुवर्षं ताणलेला आहे, त्यावरून कापलंस तर नवीन कव्हर पहिल्या दिवसापासून सैल बसेल. डाव्या सीटचा तोच तुकडा उलटा करून साचा कर. शिलाईच्या कडेवर ठिकठिकाणी दोन्ही तुकड्यांना मिळून एकच खूण कर, म्हणजे शिवताना गोलाईत एक बाजू पुढे पळत नाही. नवं कातडं घेताना पाठीच्या कण्यालगतचा भाग माग. पोटाकडचं कातडं सैल, रबरासारखं ताणतं, ते कमी झिजणाऱ्या जागी चालतं, उंचवट्यावर अजिबात नाही. आणि दुकानात नमुना हातात घेतलास की बोटाने आतून ढकलून पाहा. वरचा रंग पांढुरका पडत असेल तर ठेवून दे.

शिवायचं काम तू करू नकोस. सूनबाईच्या मशीनला हात लावलास तर मशीन जाईल आणि घरातली शांतताही. याला वरून-खालून दोन्हीकडून कापड पुढे नेणारं जड मशीन लागतं, पॉलिएस्टरचा पक्का दोरा लागतो आणि टाका लांब लागतो, चार मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाके घातले की कातडं पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांच्या ओळीवर फाटतं. शिवाय कातड्यात सुईचं भोक बुजत नाही, चुकलं तर उसवून पुन्हा शिवण्याची सोय नाही. तुझा नवा तुकडा जुन्या शेजाऱ्यांना जोडायचा आहे, म्हणजे जुन्याच भोकांतून सुई गेली पाहिजे. हे मोटर लावून होत नाही, हाताने चाक फिरवत एकेक टाका घ्यावा लागतो. कोव्हेंट्री मोटारींचं गाव, जॅग्वार तिथेच बनायची. अशा गावात हे करणारा एखादा म्हातारा ट्रिमर सापडायलाच हवा. त्याला विचार, 'जुन्या भोकांतून शिवाल का?' तो लगेच हो म्हणाला तर दुसऱ्याकडे जा. आधी कातडं वाकवून पाहिलं, कड चाचपली आणि मग बोलला, तर त्याला काम दे. शेजारच्या तुकड्यांच्या कडा वाळून तुटत असतील आणि तो म्हणाला की पूर्ण कव्हर लागेल, तर ऐक. या गाडीची शिवलेली तयार कव्हरं मिळतात, त्यात कमीपणा नाही.

रंगाचं एकच सांगतो. टॅन म्हणजे कुठला टॅन, हे सीटच्या वरच्या भागावरून ठरवू नकोस, तो उन्हाने उडालाय. खाचेत दडलेली पट्टी स्वच्छ पुसून बघ, कारखान्यातला रंग तिथे असतो. पण नवा तुकडा त्या रंगाचा घेऊ नकोस. आज बाकीची सीट जशी दिसते तसा मिळवून घे. पाण्यात मिसळणारे कातड्याचे रंग येतात, ते मिसळून जवळ नेता येतात. मधल्या भागातल्या बारीक भेगाही त्याच रंगाने आणि भरणीने झाकल्या जातील. आधी जुना मळ आणि मेण पुरतं निघायला हवं, नाहीतर रंग पापुद्र्याने सुटेल.

चढवताना फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद टाक, कातडं त्यावरून सरकतं. मधली खाच आधी, तिच्या मधल्या रिंगेपासून दोन्ही टोकांकडे. मग बाजू, कडा सगळ्यात शेवटी. आम्ही इथे कव्हर अर्धा तास उन्हात ठेवतो आणि ते लोण्यासारखं ओढलं जातं. तुमच्याकडे ऊन मागून मिळत नाही, तेव्हा केस वाळवायचा ड्रायर चालेल, लांबून आणि हलता. राहिलेल्या एखाद्या सुरकुतीशी भांडू नकोस. नवं कव्हर थोडं घट्ट बसलेलंच बरं.

आणि तू विकत घेतलेला तो लेदर क्रीमचा डबा. पूर्वी कॉनोली नावाचं विलायती घराणं मोठमोठ्या गाड्यांना कातडं पुरवायचं, त्यांचं हाइड फूड अजूनही लोक आठवणीने वापरतात. त्या जुन्या कातड्याचा वरचा थर वेगळा होता. तुझ्या गाडीच्या लेपातून क्रीम आत जात नाही, वर बसतं, धूळ धरतं आणि ती धूळ सँडपेपरचं काम करते. सौम्य साबणाचं किंचित पाणी, मऊ ब्रश, कोरडं फडकं. एवढं पुरे. गाडी उन्हात उभी करायची तर छत लावून.

बसण्याची सवयही बदलावी लागेल. आधी पाठ आत वळव, एक हात उंबऱ्यावर टेक, बैठक थेट गादीच्या मध्यावर ठेव आणि मग पाय आत घे. किल्ल्या आणि पाकीट मागच्या खिशातून आधीच काढ. सुरुवातीला नवऱ्या मुलीसारखं बसल्यागत वाटेल, चार लोक हसतील, हसू देत.

फोमचं काम झालं की फोटो पाठव. कव्हर चढवायच्या आधीचा, नुसत्या फोमचा, दोन्ही सीटा शेजारी शेजारी ठेवून आणि समोरून. उंची एक नसेल तर मी कळवीन, तोवर ट्रिमरकडे जाऊ नकोस.

तुझा,
मामा